गाउटची गोळी ठरवताना हृदयाची फाईलही समोर हवी

साठी-सत्तरी ओलांडलेल्या मधुमेही माणसाच्या पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद होऊन सुजतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्या अंगठ्यावरच असते. ते स्वाभाविकही आहे, कारण पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही अशी ती वेदना असते. मी नाशिकमध्ये औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, मधुमेह, अँजिओप्लास्टी आणि गाउट (रक्तात युरिक ॲसिड वाढून असा सांधा सुजण्याचा आजार) हे तिन्ही सांभाळून आहेत. काउंटरवर आणि घरात हा विषय रोज समोर असल्यामुळे एक गोष्ट मला फार कळकळीने सांगावीशी वाटते. या वयात आणि या आजारांच्या सोबतीत गाउटची कोणतीही गोळी एकट्या सांध्यापुरती राहत नाही. ती हृदयावर, मूत्रपिंडावर आणि रक्तातल्या साखरेवरही काम करते, कधी भल्यासाठी तर कधी वाईटासाठी, आणि म्हणून ती निवडताना हृदयाची फाईल समोर असायलाच हवी. पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून लिहिले आहे. ते वाचून कोणी स्वतःची गोळी परस्पर सुरू किंवा बंद करू नये.

मुळात हे तीन आजार एकाच घरात वारंवार का दिसतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. शरीरातल्या पेशींच्या आणि अन्नातल्या प्युरिन नावाच्या घटकांचे विघटन होऊन शेवटी युरिक ॲसिड तयार होते आणि त्याचा मोठा भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. रक्तातले त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेले की ते विरघळलेले राहू शकत नाही, आणि साखरेचा पाक घट्ट होऊन कडेला खडे धरू लागतो तसे त्याचे स्फटिक सांध्यात जमू लागतात. पाय हा शरीराचा थंड भाग असल्याने अंगठ्यापासून सुरुवात होते. निफाडचा पारा खाली उतरतो त्या दिवसांत असे रुग्ण आमच्याकडे जास्त येतात असा माझा अनुभव आहे, आणि थंडीत युरिक ॲसिड कमी विरघळते हे पाहता त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. टाइप 2 मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि रक्तात इन्सुलिन वाढलेले राहते. हे वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाही. त्यात रक्तदाब, वजन आणि वयोमानाने मंदावलेले मूत्रपिंड यांची भर पडली की पुढचा मार्ग ठरलेलाच असतो.

हृदयाशी असलेला संबंध मात्र एवढा सरळ नाही. युरिक ॲसिड वाढल्यामुळे हृदयविकार होतो की ज्या कारणांमुळे हृदयविकार होतो त्यांच्यामुळेच युरिक ॲसिडही वाढते, यावर तज्ज्ञांमध्ये बरीच वर्षे वाद आहे. पण गाउटचा झटका म्हणजे सगळ्या शरीरभर उठलेला दाह असतो, हे निश्चित. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यात गाउट असलेल्या 62 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांमध्ये त्याआधीच्या 60 दिवसांत गाउटचा झटका येऊन गेलेला असण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट आढळली. म्हणजे अंगठ्याची सूज उतरली, चालता येऊ लागले, की प्रकरण मिटले असे समजण्याची आपली जी सवय आहे, ती हृदयरोग असलेल्या माणसाच्या बाबतीत धोक्याची आहे. पुढचे दोन महिने छातीत जडपणा, धाप, घाम अशी कोणतीही तक्रार हलकी घेऊ नये, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत.

माझ्या मते मात्र सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो आमच्याच काउंटरवरून घरी जातो. श्रावणातला तिसरा सोमवार झाला, ब्रह्मगिरीची फेरी पावसात अनवाणी पूर्ण करून माणसे परतली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजलेले पाय दिसू लागतात. पायावर पडलेला ताण, उपवास आणि पाणी कमी पडणे एवढे निमित्त गाउटला पुरते. अशाच एका सकाळी दिंडोरीकडचे एक काका आले होते. उजव्या चपलेचा पट्टा त्यांनी पूर्ण सोडलेला होता आणि टाचेवर भार देत ते पायरी चढले. "ताई, मागच्या खेपेची ती गोळी द्या, दोन दिवसांत पाय मोकळा होतो," असे म्हणून त्यांनी रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवली. ती ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल यांच्या मिश्रणाची होती. सध्या चालू असलेली औषधे दाखवा म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून फाईल काढली. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, सोबत लघवी वाढवणारी गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन अशी औषधे होती, आणि त्यांच्या हृदयाची पंपिंगची ताकद कमी झाल्याचा इकोचा रिपोर्टही होता.

या फाईलवर ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब यांसारखी वेदनाशामके द्यायची म्हणजे काय होते, ते सांगते. ही औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवून धरणारे प्रोस्टाग्लॅंडिन नावाचे द्रव्य कमी करतात. शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो, आणि आधीच थकलेल्या हृदयावर वाढीव रक्ताचा भार येतो, त्यामुळे काही दिवसांत पायांवर सूज आणि उताणे झोपल्यावर धाप सुरू होऊ शकते. त्यातच टेल्मिसार्टनच्या किंवा रामिप्रिलच्या गटातली रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी या दोन्ही चालू असतील, तर तिसरे हे वेदनाशामक मिळून मूत्रपिंड अचानक मंदावण्याचा धोका बराच वाढतो, विशेषतः अंगात पाणी कमी असताना. काही वेदनाशामकांमुळे हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढतो. याच गटातले रोफेकॉक्सिब हे औषध 2004 साली त्याच कारणासाठी जगभरातून मागे घेतले गेले. त्यावर गवगवा झाला आणि तो विसरलाही गेला, पण बाकीची वेदनाशामके निर्धोक असल्याचे कोणी सांगितलेले नव्हते. डायक्लोफिनॅकसारखी औषधे आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत असा कायदा आहे. तो पाळणाऱ्या दुकानदारावर गिऱ्हाईक चिडते, हे मला ठाऊक आहे, तरीही तो पाळलाच पाहिजे. काकांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वेगळे औषध सांगितले आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासून यायला सांगितले. काका थोडे नाराजीनेच गेले.

झटक्याच्या वेळी दुसरा मार्ग स्टेरॉईडचा असतो. हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही नाजूक असतील तर थोड्या दिवसांचे प्रेडनिसोलोन हा वेदनाशामकापेक्षा बरा पर्याय ठरू शकतो, पण मधुमेहात साखर झपाट्याने चढते, विशेषतः दुपारनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर. सकाळची उपाशीपोटी साखर ठीक आली म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि संध्याकाळी ती तीनशेच्या पुढे गेलेली असते. म्हणून अशा दिवसांत दुपारी आणि संध्याकाळीही ग्लुकोमीटर लावावा, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रा किती वाढवायची हे आधीच विचारून ठेवावे. एकच सांधा सुजलेला असेल तर थेट सांध्यात इंजेक्शन देता येते, त्यात साखरेवरचा परिणाम कमी असतो. ज्याची मला खरोखर भीती वाटते ती म्हणजे गावोगाव मिळणारी 'वाताची पुडी'. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड आणि वेदनाशामके मिसळलेली सापडली आहेत. ती घेणाऱ्याला आराम पडतो तो त्यामुळेच, आणि महिनोन्महिने साखर का आवरत नाही हे त्याच्या डॉक्टरांना कळत नाही.

तिसरे औषध कोल्चिसिन, आणि हृदयाच्या दृष्टीने सर्वांत आशा निर्माण करणारे तेच आहे. हे फार जुने औषध आहे, युरोपात ते कोल्चिकम नावाच्या कंदवर्गीय वनस्पतीतून मिळत आले आणि आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी जी कळलावी दिसते, तिच्यातही तेच द्रव्य असते. (कळलावीचा कंद अत्यंत विषारी आहे, तिचा घरगुती उपाय कोणी करू नये, हे इथेच सांगून ठेवते.) आजकाल झटक्यासाठी कोल्चिसिनची मात्रा कमी ठेवतात, कारण जुन्या पद्धतीच्या मोठ्या मात्रेने गुण जास्त येत नाही, जुलाब मात्र होतात, हे 2010 च्या एका चाचणीत दिसून आले. हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष तिकडे वळले ते त्याच्या दाहशामक गुणामुळे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या 'कोलकॉट' या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन 30 दिवसांच्या आत असलेल्या 4,745 रुग्णांपैकी निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन दिले. पुढील हृदयघटना (हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या) त्या गटात 5.5 टक्के, तर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत 7.1 टक्के होत्या. त्यातल्या टाइप 2 मधुमेह असलेल्या 959 रुग्णांचे वेगळे विश्लेषण केले तेव्हा हा फायदा अधिक दिसला, 8.7 टक्के विरुद्ध 13.1 टक्के. पुढच्याच वर्षी स्थिर हृदयरोग असलेल्या 5,522 रुग्णांच्या 'लोडोको 2' चाचणीतही घटना सुमारे 31 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयरोगासाठी कोल्चिसिनला मान्यता दिली.

प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. 2024 मध्ये 'क्लिअर सिनर्जी' या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनचा फायदा दिसला नाही. त्यामुळे हृदयासाठी ते सर्वांना द्यावे का, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण ज्याला गाउटसाठी कोल्चिसिन द्यायचेच आहे आणि ज्याचे मूत्रपिंड ते झेपवू शकते, त्याच्या हृदयाला त्यापासून अपाय नाही, झाला तर लाभच, एवढा दिलासा या चाचण्यांतून नक्की मिळतो, आणि वेदनाशामकाच्या तुलनेत तो मोठा आहे. धोका आहे तो मात्रेत आणि सोबतच्या औषधांत. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, तसेच व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही हृदयाची औषधे शरीरातले कोल्चिसिन वाढवतात. यांपैकी क्लॅरिथ्रोमायसिनसोबत, मूत्रपिंड कमकुवत असताना, मृत्यूही ओढवले आहेत. ॲटोर्व्हास्टॅटिनसारख्या गोळीबरोबर क्वचित स्नायूंना इजा होते, म्हणून मांड्या-दंड दुखू लागले किंवा जिना चढताना पाय उचलेनासे झाले तर थांबून विचारावे. खोकल्यासाठी दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेलेल्या आजोबांच्या चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन असते आणि कोल्चिसिन चालू आहे हे त्या डॉक्टरांना कोणी सांगितलेले नसते, असा प्रसंग माझ्यासमोर घडला आहे.

आता गाउटचा झटका येऊच नये म्हणून कायम घ्यायच्या गोळ्यांकडे येते. ॲलोप्युरिनॉल 1966 पासून वापरात आहे. ते विकसित करणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चा नोबेल पुरस्कार मिळाला तो याच धर्तीच्या संशोधनासाठी. शरीरात युरिक ॲसिड तयार करणारे विकर (एन्झाइम) ते अडवते. सुरुवात 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने करून, हळूहळू वाढवत, युरिक ॲसिड 6 च्या खाली आणायचे असते. मूत्रपिंड अशक्त असेल तर 50 पासून सुरू करतात. आपल्याकडे ही वाढवण्याची पायरीच गाळली जाते. 100 ची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, युरिक ॲसिड 8 वर अडकलेले असते, झटके येत राहतात आणि शेवटी 'हे औषध लागू पडत नाही' असा शिक्का बसतो. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक हलू लागल्याने झटके उलट वाढू शकतात, म्हणून तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेतले कोल्चिसिन देतात. हे रुग्णाला आधी सांगितले नाही तर तो गोळी फेकून देतो. अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर मात्र ॲलोप्युरिनॉल तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवे, कारण क्वचित ही प्रतिक्रिया जीवघेणी ठरते.

दुसरी गोळी फेबुक्सोस्टॅट, आणि हृदयाचा सगळा वाद तिच्याभोवती आहे. 2018 साली 'केअर्स' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाउटसोबत हृदयरोगही असलेल्या 6,190 रुग्णांना फेबुक्सोस्टॅट किंवा ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिले होते. एकूण हृदयघटनांत दोघांत फरक नव्हता, पण हृदयविकाराने झालेले मृत्यू फेबुक्सोस्टॅटच्या गटात 4.3 टक्के आणि ॲलोप्युरिनॉलच्या गटात 3.2 टक्के होते. त्यावरून 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने फेबुक्सोस्टॅटच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. या चाचणीची मोठी उणीव अशी, की निम्म्याहून अधिक रुग्णांनी औषध मध्येच सोडले होते आणि गोळी न घेतलेल्या लोकांचा गट तुलनेला नव्हताच, त्यामुळे एक औषध घातक होते की दुसरे लाभकारक होते, हे सांगणे अवघड आहे. मग 2020 मध्ये 'फास्ट' चाचणी आली. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या साठीपुढच्या 6,128 रुग्णांचा सरासरी चार वर्षे पाठपुरावा झाला आणि त्यात फेबुक्सोस्टॅटमुळे हृदयघटना किंवा मृत्यू वाढल्याचे दिसले नाही. उलट एकूण मृत्यू 7.2 टक्के विरुद्ध 8.6 टक्के, म्हणजे थोडे कमीच होते. मात्र 'फास्ट'मध्ये आधीपासून हृदयरोग असलेले सुमारे एकतृतीयांशच होते, आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले किंवा हृदय फार अशक्त असलेले रुग्ण घेतलेले नव्हते. नेमके तेच रुग्ण आपल्या घरात असतात.

या दोन चाचण्या शेजारी ठेवून मी जे समजते ते असे. नुसता मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या, हृदयाची घटना न झालेल्या माणसाने फेबुक्सोस्टॅट चालू आहे म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला आहे, त्याच्यासाठी ॲलोप्युरिनॉल हाच पहिला पर्याय असावा. मूत्रपिंड थोडे कमी काम करते एवढ्या कारणावरून ते नाकारू नये, आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. अण्णांना अँजिओप्लास्टीच्या आधीपासून फेबुक्सोस्टॅट चालू होते आणि स्टेंट बसवल्यावर घरी सोडतानाच्या कागदावरही ते तसेच उतरवलेले होते. गाउटची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना अँजिओप्लास्टी झाल्याचे माहीत नव्हते आणि हृदयाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने ती गोळी त्यांच्या विषयाची नव्हती. आम्ही दोन्ही फाइली घेऊन दोघांकडे गेलो, दोघांचे फोनवर बोलणे झाले आणि मग ॲलोप्युरिनॉल सावकाश वाढवत नेले. एवढी साधी गोष्ट घडवून आणायला घरातल्या कोणीतरी उठावे लागते.

याहून मोठा प्रश्न त्या लोकांचा आहे, ज्यांना गाउट झालेलाच नाही. हल्ली तपासणीच्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिड असतेच. आकडा 7.4 आला, लाल अक्षरात छापला गेला, टाच दुखतेच आहे, लगेच फेबुक्सोस्टॅट 40 सुरू होते आणि पुढे वर्षानुवर्षे चालते. गाउटचा झटका, मूतखडे किंवा सांध्यांत गाठी नसताना केवळ आकड्यासाठी औषध देऊ नये, असाच मार्गदर्शक सूचनांचा कल आहे. 'हृदयाला तरी उपयोग होईल' या आशेलाही आधार मिळालेला नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'ऑल-हार्ट' चाचणीत हृदयरोग असलेल्या पण गाउट नसलेल्या, साठीपुढच्या 5,700 हून अधिक लोकांना ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिले, तेव्हा हृदयघटना 11.0 टक्के आणि न दिलेल्यांत 11.3 टक्के निघाल्या. टाचदुखी बहुधा टाचेचीच असते. तेव्हा अशी गोळी चालू असेल तर 'ही मला नक्की कशासाठी दिली आहे' हे पुढच्या भेटीत जरूर विचारावे.

औषधांच्या डब्यात आणखी काही गोळ्या असतात, ज्यांचा गाउटशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' अशी अक्षरे असतील तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असते आणि ही दोन्ही युरिक ॲसिड वाढवतात. शरीरातले पाणी काढण्यासाठी दिलेले फ्युरोसेमाइडही वाढवते. अमलोडिपिन आणि लोसार्टन या रक्तदाबाच्याच गोळ्यांबाबत उलट अनुभव आहे. लोसार्टन तर युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला थोडी मदत करते, त्याच गटातले टेल्मिसार्टन ते करत नाही. त्यामुळे केवळ रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन चालू असलेल्या गाउटच्या रुग्णात बदल शक्य आहे का, हे विचारण्यासारखे आहे. हृदय अशक्त असल्यामुळे फ्युरोसेमाइड चालू असेल, तर मात्र त्याला हात लावायचा नाही. ॲस्पिरिनच्या छोट्या मात्रेनेही युरिक ॲसिड किंचित वाढते, पण स्टेंट असलेल्याने त्यासाठी ॲस्पिरिन सोडणे म्हणजे थेट जिवाशी खेळ.

मधुमेहाच्या औषधांत मात्र एक चांगली बातमी आहे. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यासोबत युरिक ॲसिडही कमी करतात. हृदयरोग असलेल्या मधुमेहींवर झालेल्या, 2015 च्या 'एम्पा-रेग' चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी झाले, आणि नंतरच्या रुग्णनोंदींच्या अभ्यासांत या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना गाउटचे झटकेही कमी आलेले दिसले. 2020 मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर आपल्याकडे त्याच्या किमती बऱ्याच उतरल्या, त्यामुळे आता निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यालाही ते झेपते. हृदय, मूत्रपिंड, साखर आणि गाउट या चौघांना एकाच गोळीचा आधार मिळावा, असे क्वचितच घडते. मात्र लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, स्वच्छता कटाक्षाने ठेवावी लागते, आणि उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा ती तात्पुरती थांबवण्याबद्दल आधीच विचारून ठेवावे लागते. निर्जळी एकादशी करणाऱ्यांनी तर नक्कीच.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सल्ले खूप मिळतात आणि आहारावर युरिक ॲसिडचा तुलनेने थोडाच भाग अवलंबून असतो. कलेजी, भेजा, मटणाचा रस्सा, सुकट-बोंबील, कोळंबी कमी करावी आणि बिअर टाळावीच. आपण वाईनच्या गावात राहतो म्हणून वाईन औषधी होत नाही. ज्यात फ्रुक्टोज असते ते गोड सरबत, कोल्ड्रिंक आणि मोठा ग्लास भरून द्राक्षरस हे युरिक ॲसिड आणि साखर दोन्ही वाढवतात. हंगामात द्राक्षांचा छोटासा घोस चालेल, क्रेट समोर ठेवून बसू नये. पण वरण, मटकी, मूग, पालक बंद करून म्हाताऱ्या माणसाला भात आणि चहा-बिस्किटांवर आणणे मला अत्यंत चुकीचे वाटते. डाळींतल्या आणि भाज्यांतल्या प्युरिनने गाउटचा धोका वाढत असल्याचे दिसलेले नाही, आणि डाळ गेली की त्या ताटातली प्रथिनेच जातात. दूध आणि ताक उपयुक्त आहेत.

मधुमेहींबाबत एक सावधगिरी राहून जाऊ नये. पाय लाल झाला, सुजला, म्हणजे गाउटच असे गृहीत धरू नये. संवेदना कमी झालेल्या पायात काटा रुतून झालेला जंतुसंसर्ग अगदी तसाच दिसतो, आणि गाउट समजून त्यावर स्टेरॉईड दिले तर पाय गमावण्याची वेळ येते. ताप असेल, जखम किंवा फोड दिसत असेल, लाली वर चढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शंका असेल तर सांध्यातले पाणी काढून तपासता येते. झटक्याच्या ऐन वेळी रक्तातले युरिक ॲसिड कधी कधी नॉर्मलही येते, म्हणून तेवढ्यावरून गाउट नाही असेही ठरवू नये. दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

सध्या अण्णांच्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवलेले आहे. त्यावर सगळ्या औषधांची मूळ नावे, मात्रा, स्टेंट बसवल्याचे वर्ष, शेवटचे क्रिएटिनिन आणि ठळक अक्षरांत 'पेनकिलर देऊ नये, क्लॅरिथ्रोमायसिन देऊ नये' एवढे लिहिले आहे. दवाखाना गंगापूर रोडचा असो की नाशिकरोडचा, ते कार्ड आधी टेबलावर ठेवायचे असा नेम आहे. युरिक ॲसिड 6 च्या खाली आले तेव्हा अण्णांनी विचारले, "आता बंद करू का गं ही गोळी?" बहुतेक घरांत याच टप्प्यावर ती बंद होते. सांध्यात वर्षानुवर्षे साठलेले स्फटिक विरघळायलाही बराच काळ लागतो, आणि गोळी थांबली की आकडा काही आठवड्यांत पूर्वपदावर येतो, झटका त्यानंतर कधीतरी येतो, म्हणून कोणाला दोघांचा संबंध लागत नाही. झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल चालूच ठेवायचे असते, हेही त्यांना मी तेव्हाच सांगितले. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, पोटॅशियम, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि ईसीजी एकाच दिवशी करून त्याची एकेक प्रत दोन्ही डॉक्टरांकडे द्यायची आहे.